हॉस्पिटलने स्वतःची भट्टी घ्यावी का? आणि कचऱ्याची गाडी पुढे जाते कुठे?

ढब्बू मिरची | सोमवार, रात्री ९:५०

मंडळी नमस्कार,

आमच्या तालुक्याच्या गावी एका धर्मादाय ट्रस्टचं ३० खाटांचं हॉस्पिटल आहे. बँकेतून निवृत्त झाल्यावर मला तिथे हिशेब बघायला बसवलंय. म्हणजे जे काम कोणालाच नको असतं ते फिरून माझ्या टेबलावर येतं. सध्या ते काम म्हणजे कचरा.

कचरा न्यायला सामाईक प्रक्रिया केंद्राची (अनेक हॉस्पिटलांचा कचरा एकाच ठिकाणी निकालात काढणारं केंद्र) गाडी येते. करारात 'रोज' लिहिलंय, येते मात्र आपल्या मर्जीने. मध्ये दोन दिवस गेले की मागच्या शेडमध्ये पिवळ्या-लाल पिशव्यांचा ढीग, त्यावर माश्या, रात्री कुत्री. शेजारच्या आळीने नगरपालिकेत अर्ज दिलाय. त्यात यंदा केंद्राने दर वाढवले. म्हणून परवाच्या बैठकीत एका विश्वस्तांनी डिझेलवर चालणाऱ्या छोट्या भट्टीचं कोटेशन काढलं. "एकदाच पैसे घाला, रोजची कटकट मिटेल." डॉक्टर म्हणाले परवानगी मिळणार नाही. एक ज्येष्ठ म्हणाले भट्टी तरी कशाला, आमच्या वेळी मागे खड्डा असायचा, त्यात टाकायचं आणि वर चुना. तेवढ्यात चहा आला आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला.

मला जाणून घ्यायचंय की छोट्या हॉस्पिटलने स्वतः जाळणं कितपत शहाणपणाचं? गाडी जे नेते त्याचं पुढे खरंच काही होतं की कुठल्या तरी नाल्यात जातं? सलाईनच्या बाटल्या धुऊन परत विकतात असं ऐकलंय, ते खरं का? कृपया नियमांच्या लिंका देऊ नका, त्या आमच्या डॉक्टरांनीही दिल्यात. ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांच्याकडून ऐकायचंय.

खडूस | सोमवार, रात्री १०:०२

आमच्या फॅमिली डॉक्टरकडेपण बीएमडब्ल्यू (बायोमेडिकल वेस्ट हो!) आहे. पिवळी. दाराबाहेरच उभी असते, झाकण नसलेली.

(पॉपकॉर्न घेऊन बसलोय. हलके घ्या.)

कोपरखळी | सोमवार, रात्री १०:३१

मी सरकारी नोकरीतला डॉक्टर, लिंक देत नाही, तोंडी सांगतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे ७५ किलोमीटरच्या आत सामाईक केंद्र असेल तर हॉस्पिटलला स्वतःची प्रक्रिया यंत्रणा उभारता येत नाही. त्यामुळे पहिला प्रश्न, केंद्र तुमच्यापासून किती लांब आहे?

खड्ड्याचं म्हणाल तर तोही फक्त दुर्गम भागासाठी, जिथे गाडी पोचूच शकत नाही तिथे. आणि खड्डा म्हणजे फावड्याने उकरलेलं भोक नव्हे. दोन मीटर खोल, तळापासून भूजल किमान सहा मीटर खाली, भोवती कुंपण. प्रत्येक वेळी वर दहा सेंटीमीटर माती. अर्धा भरला की चुना, मग माती. बाजारपेठेला लागून असलेल्या हॉस्पिटलच्या परसात हे बसतं का बघा.

आणखी एक. तुमच्या खाटा बरोब्बर ३० आहेत. ३० किंवा जास्त खाटा असल्या की जैववैद्यकीय कचऱ्यासाठी समिती लागते, सहा महिन्यांतून एकदा तरी बैठक, इतिवृत्त वगैरे. ती आहे का?

खडूस | सोमवार, रात्री १०:३५

एक खाट भंगारात काढा. समिती वाचेल.

ढब्बू मिरची | सोमवार, रात्री १०:४८

केंद्र ५५ किलोमीटरवर. म्हणजे भट्टी बाद? समिती कागदावर आहे, तिचा अध्यक्ष कोण हे उद्या विचारतो. मीच असलो तर आश्चर्य वाटणार नाही.

सिस्टरताई | मंगळवार, सकाळी ७:१५

नाइट संपवून घरी आलेय, झोपायच्या आधी लिहिते, चुका सांभाळून घ्या.

ढब्बू, भट्टी आणि गाडी नंतर बघू. शेडमधल्या पिशव्या उघडू नका, फक्त रोजच्या वजनाचं रजिस्टर बघा. ३० खाटांमध्ये पिवळ्याचं, म्हणजे जाळायच्या कचऱ्याचं, वजन भरमसाट असेल तर कचरा जास्त नाहीये, वर्गवारी होत नाहीये. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दवाखान्यात निघणाऱ्या एकूण कचऱ्यातला साधारण ८५ टक्के हा घरच्यासारखाच साधा कचरा असतो. धोक्याचा असतो तो उरलेला १५. पण आमच्याकडे वॉर्डात काय होतं? नातेवाईक संत्र्याची सालं, पोह्यांचे कागद, चहाचे कप सगळं जवळच्या बादलीत टाकतात. जवळची बादली पिवळी असते, कारण ती कोणीतरी खाटेजवळ ठेवलीय आणि साध्या कचऱ्याची काळी बादली ठेवलीय जिन्याखाली.

आमच्या मेल वॉर्डात एवढंच केलं, काळी बादली प्रत्येक दोन खाटांमध्ये आणि पिवळी-लाल फक्त ड्रेसिंग ट्रॉलीला आणि सिस्टरच्या टेबलाशी. पिवळ्याचं वजन उतरलं ते रजिस्टरमध्ये सरळ दिसतं. बोर्ड लावून, भाषणं देऊन जे झालं नव्हतं ते बादल्या हलवून झालं.

सुयांचंही तसंच. ट्रॉलीवर पांढरा डबा नसेल तर सिस्टर काय करते? एका हातात सिरिंज, दुसऱ्या हाताने टोपण परत लावते, ट्रेमध्ये ठेवते. तीन पेशंट झाले की ट्रे घेऊन कोपऱ्यातल्या डब्याकडे. मधल्या गडबडीत एखादी सुई चादरीच्या घडीत राहते. ती सापडते दुसऱ्या दिवशी चादर झाडणाऱ्या मावशीला, आणि तीही बोटाने. मावशी कोणाला सांगत नाही. बोट दाबून रक्त काढते, स्पिरिट चोळते, कामाला लागते. कारण सांगितलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "तुझंच लक्ष नव्हतं." खरं तर दाबायचंही नसतं आणि स्पिरिटही चोळायचं नसतं. साबण आणि वाहतं पाणी, आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागली तर शक्यतो दोन तासांत सुरू करायची असतात, ७२ तासांनंतर उपयोग नाही.

तुमच्या मावशींना, मामांना हेपटायटिस बी ची लस दिलीय का? डॉक्टर-सिस्टरांना मिळते. कंत्राटी सफाईवाल्यांचं विचारा आणि मग इथे लिहा. नियमात लस सगळ्यांनाच आहे.

अणुरेणू | मंगळवार, सकाळी ९:०५

सिस्टरताई, +१. आकडे जोडतो. दूषित सुई टोचल्यावर लस न घेतलेल्याला हेपटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते, सी ची सुमारे दोन, एचआयव्हीची हजारात तीन. भीती सगळे एचआयव्हीची घेतात, आणि ज्याची लस आहे त्याच आजाराकडे दुर्लक्ष.

उंटावरचा | मंगळवार, सकाळी ११:४०

सगळं छान आहे, पण भाबडं आहे. चार रंगांच्या बादल्या तपासणीच्या दिवशी असतात. अधिकारी गेले की एकच बादली. आणि समजा तुम्ही प्रामाणिकपणे वेगळं केलंत, तर गाडीत सगळं एकत्रच फेकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग सिस्टरने कशाला डोकं चालवायचं?

मोडासा विसरलात का? २००९, गुजरात, तेव्हाचा साबरकांठा जिल्हा. वापरलेल्या सिरिंजांनी हेपटायटिस बी पसरला, माणसं पटापट गेली. नियम तर १९९८ पासून होते ना? भंगारवाल्यांकडे वापरलेल्या सिरिंजांचे साठे सापडले, ते काय हवेतून आले?

सिस्टरताई | मंगळवार, दुपारी ४:२०

उंटावरचा, मोडासा तुमच्या बाजूने नाही, माझ्या बाजूने आहे. सिरिंज वापरल्या जागीच निकामी केली असती, हब कटरने तोंड छाटलं असतं, तर ती भंगारात जाऊन परत कोणाच्या दंडात शिरली असती का? शेवटची पायरी बिघडली म्हणून पहिली सोडायची हे कुठलं तर्कशास्त्र?

लसीकरणात बघा. ऑटो-डिसेबल सिरिंज आल्या, एकदा दाबली की दट्ट्या अडकतो, परत ओढताच येत नाही. तिथे कोणाच्या प्रामाणिकपणावर काही अवलंबून नाही.

वजनकाटा | मंगळवार, रात्री ९:१०

धागा आता दिसला. अशाच एका सामाईक केंद्रात बरीच वर्षं प्लांट सांभाळला, आता दुसरीकडे आहे. गाव-नाव विचारू नका.

आधी बाटल्यांचं. लाल पिशवीत जे येतं, म्हणजे सलाईनच्या बाटल्या, आयव्ही सेट (सलाईनच्या नळ्या), सुई काढलेल्या सिरिंज, हातमोजे, लघवीच्या पिशव्या, ते जाळायचं नसतंच. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंश, १५ पौंड दाब, एक तास. मग श्रेडर. तुकडे नोंदणी असलेल्या प्लास्टिकवाल्याला विकतात. म्हणजे बाटल्यांचं प्लास्टिक 'विकतात' हे खरं आणि कायदेशीर आहे. बेकायदा काय, तर अख्खी बाटली विकणं. ढब्बू, तुमच्याकडून बाटली अख्खीच बाहेर पडते आणि वाटेत भंगाराच्या दुकानांची रांग असते. म्हणून वॉर्डातच बाटलीला कात्री लावायची, सेट मधोमध कापायचा. दोन सेकंदांचं काम आहे, आणि त्याने बाटलीचा बाजारभाव संपतो.

पिवळं भट्टीत जातं. ड्रेसिंगचा कापूस, बाळंतपणातली वार, कापलेले अवयव, मुदत संपलेली औषधं. भट्टीला दोन कप्पे. पहिल्यात किमान ८०० अंश, तिथे जळतं. निघणारा धूर दुसऱ्या कप्प्यात, तिथे १०५० च्या आसपास, आणि त्या तापमानात वायू किमान दोन सेकंद राहिला पाहिजे. या दोन सेकंदांवर सगळा खेळ आहे. तापमान पडलं किंवा वायू घाईने बाहेर गेला की डायॉक्सिन, म्हणजे जहाल विषारी संयुगं. त्याची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम, यावरून अंदाज घ्या. त्यापुढे धूर धुणारी यंत्रणा, किमान ३० मीटरची चिमणी, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सर्व्हरला जोडलेले मीटर. विश्वस्तांच्या कोटेशनमध्ये यातलं काय काय आहे ते वाचा. दुसरा कप्पा तरी आहे का?

आता लोक पिवळ्यात काय पाठवतात ते ऐका. अर्धी भरलेली सलाईनची बाटली. कलिंगडाच्या फोडी. एकदा फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर. पाणी गेलं की तापमान खाली येतं, डिझेल वाढतं. पारा गेला तर तो जळत नाही, सरळ चिमणीतून गावावर. प्लास्टिक त्यात क्लोरीनवालं असलं की डायॉक्सिनचा कच्चा माल आपणच पुरवला. म्हणून तर पीव्हीसीच्या पिशव्या २०१९ पासून बंद केल्या. सिस्टरताई वॉर्डात बादली हलवतात तेव्हा खरं तर आमची भट्टी चालवत असतात.

राख पण मोकाट टाकता येत नाही, ती धोकादायक कचऱ्याच्या बंदिस्त भरावात जाते. आपल्याकडे तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा जागा आहेत.

आणि उंटावरचा, तुम्ही पाहिलंत ते खोटं म्हणणार नाही. गाडीत रंगांचे वेगळे कप्पे असायला हवेत, कंत्राटी ड्रायव्हर आणि एक पोरगा, त्यांना खेपा उरकायच्या असतात, फेकतात. पण बारकोड आल्यापासून पिशवी कुठल्या हॉस्पिटलची, किती किलो, कधी उचलली हे लपवणं अवघड झालंय. लपवतच नाहीत असं नाही. अवघड झालंय.

उंटावरचा | मंगळवार, रात्री ९:३३

हॉस्पिटल बारकोडचे स्टिकरच छापत नाही, प्रिंटर बंद आहे म्हणून. याचं काय?

वजनकाटा | मंगळवार, रात्री ९:३८

गाडीने ती पिशवी घ्यायची नाही आणि मंडळाला कळवायचं, असं पुस्तकात आहे. प्रत्यक्षात गाडी घेते, कारण ग्राहक तुटतो. इथे तुमच्याशी सहमत.

अणुरेणू | मंगळवार, रात्री ११:००

'प्रत्येक हॉस्पिटलची स्वतःची भट्टी' हा प्रयोग आपण आधीच करून बसलोय. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या ५० किंवा जास्त खाटांच्या हॉस्पिटलना इन्सिनरेटर किंवा तत्सम यंत्रणा बसवायला सांगितलं. हेतू उत्तम, उकिरड्यावरचे बोळे आणि सुया हटाव्यात. झालं असं की त्या भट्ट्यांत प्लास्टिकसकट सगळंच जाऊ लागलं, त्याही गर्दीच्या वस्तीत. पर्यावरणवाल्यांनी ओरड केली आणि १९९८ च्या नियमांत ऑटोक्लेव्ह, मायक्रोवेव्ह हे पर्याय आले. २००१ च्या स्टॉकहोम करारात तर वैद्यकीय कचऱ्याच्या भट्ट्या डायॉक्सिनचा मोठा स्रोत म्हणून नावानिशी आहेत.

आणि सामाईक केंद्रं म्हणजे स्वर्ग असंही नाही. गोवंडीकरांना विचारा. देवनारच्या कचरा डेपोशेजारी भट्टी, आजूबाजूला दाट वस्ती, मामला उच्च न्यायालयात. २०२३ मध्ये न्यायालयाने ती दोन वर्षांत खालापूरला हलवा म्हणून सांगितलं. मुंबईचा कचरा रायगडच्या वाऱ्यावर!

अवांतर: वैद्यकीय कचऱ्याचा विषय आणि ब्राझीलचं गोइआनिया राहिलं असं होऊ नये. १९८७. कर्करोगाच्या किरणोपचाराचं एक खाजगी केंद्र दुसरीकडे हललं, जुनं यंत्र पडक्या इमारतीत सोडून. दोघांनी ते भंगार म्हणून उचललं, फोडलं. आतली किरणोत्सारी सीझियमची पूड अंधारात निळी चमकते म्हणून लोकांनी घरी नेली, अंगाला लावली. एक लाख बारा हजार लोकांची तपासणी करावी लागली, २४९ जणांवर किरणोत्सारी अंश सापडले, चौघं गेले. त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती.

खडूस | मंगळवार, रात्री ११:०४

ढब्बूच्या शेडमधून निघालेला धागा ब्राझीलला पोचला. व्हिसा लागला का?

भटका_जीव | बुधवार, पहाटे ४:५० (तुमची सकाळ, माझी मध्यरात्र)

ब्राझील नाही, मी टांझानियातून. एका जिल्हा रुग्णालयाच्या बांधकामाच्या कामावर आहे, डॉक्टर नाही, सिव्हिल इंजिनियर.

भट्टीला सरसकट शिव्या घालू नका. इथे गाडी ५५ किलोमीटरवर नाहीये, गाडीच नाहीये. सुया पिवळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जमवतात, पाच लिटरचं खोकं, तीन चतुर्थांश भरलं की बंद. लसीकरणाच्या मोहिमेनंतर असल्या खोक्यांचा डोंगर होतो. त्यासाठी विटांची एक साधी भट्टी आफ्रिकेत खूप ठिकाणी आहे, दे मॉन्टफर्ट म्हणतात, इंग्लंडच्या त्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी बेतलेली. गावातला गवंडी बांधू शकतो, जळण म्हणून लाकूड, शेंगांची टरफलं काहीही चालतं. धूर स्वच्छ असतो का? मुळीच नाही. पण शेजारी मुलं त्या सुयांनी डॉक्टर-डॉक्टर खेळतात, तेव्हा तुम्ही धूर निवडता.

मात्र भट्टी बांधणं सोपं, चालवणं कठीण. आमच्या आवारात एक आधीची होती. वरच्या तोंडाची जाळी गंजून पडलेली, चिमणी वाकलेली, आणि ऑपरेटर म्हणून नेमलेला माणूस बागकामाला लावलेला. खोकी भट्टीच्या पायाशी रचलेली, पावसाने पुठ्ठा मऊ होऊन सुया बाहेर. भट्टी असूनही. म्हणून ढब्बू, तुमच्या विश्वस्तांना एकच विचारा: रोज ती पेटवणार कोण, आणि त्याचा पगार कोणत्या खात्यातून?

वारेसाठी इथे वेगळा सिमेंटचा झाकणबंद खड्डा असतो, आत आपोआप कुजून बसतं. त्यात हायपो वगैरे जंतुनाशक ओतायचं नाही, कुजवणारे जंतूच मरतात. हे समजावण्यात आमचा अर्धा महिना गेला.

अणुरेणू | बुधवार, सकाळी ८:४०

भटका, मान्य, पण 'धूर की सुई' एवढे दोनच पर्याय नसतात. नेपाळ काही श्रीमंत देश नाही. काठमांडूचं बीर हॉस्पिटल, १८८९ चं, देशातलं सर्वात जुनं. तिथे महेश नकर्मी आणि त्यांच्या मंडळींनी जाळणं टाळून दाखवलं. वॉर्डातच वर्गवारी, सुया कापायच्या, बाकी ऑटोक्लेव्ह, निर्जंतुक झालेलं प्लास्टिक-काच विकून पैसे.

भटका_जीव | बुधवार, सकाळी ९:१५

काठमांडूत वीज आहे आणि भंगार विकत घेणारा आहे. माझ्याकडे ऑटोक्लेव्ह आलाय, पेटीत बंद, कारण जनरेटरचं डिझेल ऑपरेशन थिएटरलाच पुरत नाही. तत्त्वतः तुमचं बरोबर.

इन्सुलिनवाला | बुधवार, सकाळी १०:००

माफ करा, थोडं वळण घेतो. मी रोज पोटाला इंजेक्शन घेतो. पेनच्या सुया घंटागाडीत टाकतो, टोपण लावून. हे चुकीचं ना? पण देऊ कुठे?

कोकणकन्या | बुधवार, सकाळी ११:२५

चुकीचंच, पण तुम्ही एकटे नाही. मी पुण्यात कचरावेचकांच्या संघटनेसोबत स्वयंसेवक म्हणून काम केलंय. वेचणाऱ्या बायका पिशवी उलटी करून हाताने चिवडतात. हातमोजे दिले तरी काढतात, कारण मोज्यातून कागद-प्लास्टिक ओळखू येत नाही. त्यात पेनची सुई म्हणजे इतकी बारीक की टोचल्यावरच कळतं. टोपण निघतं हो, गाडीत दाबलं की सगळी टोपणं निघतात.

पुण्यात सॅनिटरी पॅडसाठी कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची मोहीम झाली, 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची. ठिपका दिसला की बाई ते न उघडता बाजूला टाकते. फार साधी गोष्ट आहे, पण ज्या सोसायट्यांनी केली तिथे फरक दिसतो. सुयांसाठी असं करा: फिनेल किंवा डिटर्जंटची जाड प्लास्टिकची बाटली घ्या, मिनरल वॉटरची नको, ती आरपार टोचते. भरत आली की झाकण लावून चिकटपट्टी, वर मोठ्या अक्षरात 'सुया'. मग ओळखीच्या दवाखान्याला विचारा, त्यांच्या पांढऱ्या डब्यासोबत देऊ शकतात. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या सुया 'घरगुती धोकादायक कचरा' म्हणून वेगळ्या धरल्या होत्या आणि पालिकेने दर २० चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र करायचं म्हटलं होतं. तुमच्या शहरात ते कुठे आहे हे नगरसेवकाला विचारा, मजा येईल.

इन्सुलिनवाला | बुधवार, सकाळी ११:४०

विचारलं. म्हणाला, "साहेब, रक्तदान शिबिर घेतो ना आपण."

खडूस | बुधवार, सकाळी ११:४१

:D :D वाचनखूण साठवली आहे.

उंटावरचा | बुधवार, दुपारी १:०५

कोकणकन्येचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वात कामाचा. मूळ प्रश्नावर माझं म्हणणं अजून तेच. केंद्रांची मक्तेदारी आहे. एका भागात एकच केंद्र, मग दर तेच ठरवणार आणि गाडीही तेव्हाच येणार. ७५ किलोमीटरच्या नियमाने हॉस्पिटलचे हात बांधले, केंद्राचे कोणी बांधले?

वजनकाटा | बुधवार, दुपारी २:३०

मुद्दा बिनतोड आहे. दुसरी बाजू एवढीच की गाडी ५५ किलोमीटर जाऊन एका ठिकाणी चार किलो उचलते. मोठ्या हॉस्पिटलवर फेरी परवडते, छोटी ठिकाणं त्याच फेरीत ओढली जातात. भागात दुसरं केंद्र आलं तर दोघांचीही भट्टी अर्धी रिकामी चालेल, आणि अर्धी रिकामी भट्टी म्हणजे सारखी पेटव-विझव, तेव्हाच सर्वात घाण धूर. त्यामुळे एकच केंद्र असू दे, पण उचलण्याच्या वेळेवर दंड हवा. करारात तो कोणी घालत नाही.

ढब्बू मिरची | शुक्रवार, रात्री ८:३०

दोन दिवस इथे आलो नाही कारण शेड, रजिस्टर आणि कपाटं यांत अडकलो होतो.

कोटेशन वाचलं. एकच कप्पा, चिमणी वीस फूट. विश्वस्तांना वजनकाटा यांचा प्रतिसाद छापून दिला, आणि भटका यांचा पगाराचा प्रश्न खाली हाताने लिहिला. त्यांनी कोटेशन परत घेतलं. ज्येष्ठांचा खड्डा मात्र अजून जिवंत आहे. ते म्हणतात भूजल मोजू या.

रजिस्टर: पिवळ्याचं वजन रविवारी सर्वात जास्त. रविवारी ऑपरेशनं नसतात, भेटायला येणारे असतात. सिस्टरताईंना वेगळं सांगायला नको. आमच्या इनचार्ज सिस्टरने काळ्या बादल्यांची मागणी गेल्या वर्षीच दिली होती, ती 'निधीअभावी प्रलंबित' या शेऱ्यासह माझ्याच टेबलाच्या खणात निघाली. माझ्या आधीच्या माणसाची सही आहे, एवढं नमूद करतो.

लस: डॉक्टर, सिस्टर सगळ्यांची झालीय. कंत्राटी मावशी आणि मामा, एकाचीही नाही. कंत्राटदार म्हणतो हॉस्पिटलने द्यायची, हॉस्पिटल म्हणतं कंत्राटदाराने.

समितीचा अध्यक्ष मीच आहे.

दोन गोष्टी विचारायच्यात. गाडीबद्दल पत्र कोणाला आणि कसं लिहू? आणि स्टोअरच्या कपाटात पाऱ्याची जुनी बीपीची यंत्रं सापडली, एकाची नळी तडकलीय. त्यांचं काय करू?

खडूस | शुक्रवार, रात्री ८:३४

अध्यक्षमहोदयांचा विजय असो.

कोपरखळी | शुक्रवार, रात्री ९:१०

पत्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला, प्रत केंद्राला. तक्रारीचा सूर नको, माहितीचा ठेवा. नियम असा आहे की असा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचा नाही, ठेवावा लागला तर कारणासह मंडळाला कळवायचं. म्हणजे कळवणं हे तुमचं कर्तव्यच आहे, कोणाची चहाडी नाही. गाडी कोणत्या तारखेला आली, कोणत्या तारखेला नाही, शेडमध्ये किती किलो होतं, हे तक्त्यात. सुट्टीच्या दिवशीही उचलणं केंद्रावर बंधनकारक आहे, ती ओळ जरूर टाका. आणि ३० जूनला वार्षिक अहवाल जातो, त्यात हेच आकडे आले पाहिजेत, नाहीतर पत्र तुमच्यावरच उलटेल.

सिस्टरताई | शुक्रवार, रात्री ९:४५

लस कोणी द्यायची हा वाद चालू राहू दे, तुम्ही सोमवारी पहिला डोस द्या. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन. कार्ड मावशीच्या हातात द्या, कंत्राटदाराच्या नको, नाहीतर कंत्राट बदललं की कार्ड गायब. तिसरा डोस हमखास चुकतो, त्याची तारीख पगाराच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. हिशेबनीस आहात, तुम्हाला जमेल.

वजनकाटा | शुक्रवार, रात्री १०:२०

पारा पिवळ्यात नाही, लालमध्ये नाही, बेसिनमध्ये तर अजिबात नाही. तडकलेलं यंत्र आडवं करू नका. खोलीच्या खिडक्या उघडा, पंखा बंद. बाहेर थेंब सांडले असतील तर झाडूने किंवा व्हॅक्यूमने ओढायचे नाहीत, त्याने बारीक होऊन पसरतात. अंगठी-घड्याळ काढा, हातमोजे घाला, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी थेंब एकत्र लोटा, सुई काढलेल्या सिरिंजने ओढून थोडं पाणी असलेल्या झाकणाच्या काचेच्या बाटलीत. अख्खी यंत्रं ट्रेमध्ये उभीच ठेवा, कुलूप लावा. मग मंडळाला पत्र लिहिताय त्यातच विचारा की धोकादायक कचऱ्याचा अधिकृत उचलणारा तुमच्या भागात कोण.

आणि बाटलीवर 'पारा' लिहा. लिहिलं नाही तर कोणीतरी ती पिवळ्या पिशवीत टाकेल आणि फेरी करून ती आमच्याच भट्टीत येईल.

ढब्बू मिरची | शुक्रवार, रात्री १०:४१

पंखा चालू होता. बंद करायला फोन केलाय. बाकी सोमवारी.